पुढचा दिवा, मागचा दिवा

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझ्याशी बोलायच्या आधी माझ्या स्कूटीच्या हँडलला हाताची मागची बाजू लावून बघितली. मग स्वतःच्याच गेटला लावली. मग माझ्या हातातल्या स्टीलच्या बाटलीलाही लावली आणि म्हणाले, "या म्याडम, बसा." झालं, म्हटलं, इथं काही आपलं जमायचं नाही. पण घाटनांदुरात सरकारी दवाखान्याजवळ वेगळं न्हाणीघर असलेली दुसरी खोली नव्हती. नवरा लातूरला नोकरीला, मी इथं दवाखान्यात रक्त तपासायला. राहणं भागच होतं, राहिले.

त्या हाताचं गुपित काकूंनी, म्हणजे मालकीणबाईंनी, पहिल्याच आठवड्यात सांगितलं. काकांचा सगळा जन्म परळीच्या थर्मलमध्ये, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रात गेला होता. तिथं शिकलेलं ते रिटायर झाल्यावरही विसरायला तयार नव्हते. काकांना विचारलं तर त्यांनी हात पुढं करून धडाच दिला. "तळहात लावला आन करंट आसला, तर मूठ आवळती, मग सुटत न्हाई. मागची बाजू लावा, हात आपसूक झटकून मागं येतो. माणूस वाचतो." म्हणून ते फ्रिजला, नळाला, कढईच्या कानाला, सगळ्याला आधी हाताची पाठ लावत. शेजारची बाळंतीण बाळाला घेऊन आली, तर त्याच्या गालालाही पाठच लावली. बाळ हसलं. काका म्हणाले, "बेस हाय."

दुसरी सवय म्हणजे डावा हात कायम खिशात. काम एका हातानं करायचं, म्हणजे करंट एका हातातून शिरून छातीवाटे दुसऱ्या हातात जात नाही. विजेच्या कामात हे शहाणपणाचं असेल, मी नाही म्हणत नाही. पण हा माणूस भुईमुगाच्या शेंगाही एकाच हातानं फोडायचा. काकू कावायच्या. "शेंगात कुठला आलाय करंट?" काका शांतपणे सांगायचे, "सवय मोडली की माणूस गेला." आणि एका हातानं शेंगा फोडत बसायचे.

आणि अर्थिंग! देवा रे, ते अर्थिंग. परसात एक खड्डा होता. त्यात लोखंडी पाइप, कोळसा, मीठ. त्यात पाणी ओतून तो कायम ओला ठेवायचा, म्हणजे घरातला चुकार करंट जमिनीत जातो. एप्रिल-मेमध्ये टँकर यायचा तेव्हा गल्लीत घागरीवरून भांडणं लागायची. आमच्या घरी मात्र पहिली बादली खड्ड्याला. काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या. "माणसं तहानली आन तुमी भुईला पाजताव!" काकांनी फ्रिजला, मोटरीला, खिडकीच्या गजांना अर्थिंग दिलं होतं. माझ्या लोखंडी पलंगाच्या पायालासुद्धा तांब्याची तार बांधली होती. त्या तारेत पाय अडकून मी एकदा सणसणीत आपटले. तावातावानं खाली गेले आणि म्हटलं, "काका, हे काय आहे? मी पलंगावर झोपते, इस्त्री नाही करत!" ते जिना चढून आले. तार सोडवली, भिंतीकडेनं फिरवून पुन्हा बांधली आणि म्हणाले, "म्याडम, तुमी डोळे मिटलेत की जिम्मेदारी माझी हाय." भांडायला गेलेली मी चहा पिऊन परत आले.

काका बोलायचे कमी. आवाज जन्माचा बारीक. त्यात थर्मलमध्ये टर्बाइनच्या घरघरीत कुणाचं कुणाला ऐकू येत नाही म्हणून तिथं हातानंच बोलायचे. तीच बोली घरात. मूठ वर केली की थांबा, दोन बोटं फिरवली की चालू करा, पंजा खाली दाबला की कमी करा. काकूंनी भाजीत तिखट जास्त घातलं की ताटावरून पंजा खाली. काकूही हातानंच उत्तर द्यायच्या, पण त्या खुणा थर्मलच्या नव्हत्या.

लाइट गेली की गल्लीतली माणसं आमच्या दारात. "काका, कवा येणार?" काका परळीच्या दिशेला तोंड करून उभे राहायचे आणि खाली मान घालून सांगायचे, "आमच्याकडून न्हाई गेली. मधी कुठंतरी फॉल्ट हाय." रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी 'आमच्याकडून'. मला हसू यायचं, आणि खरं सांगते, त्या माणसाची माया वाटायची.

तर असा हा माणूस. अर्ध्या राज्याला वीज पुरवून आलेला. पण त्याला खरा अभिमान होता तो एकाच विजेचा, सायकलीच्या डायनामोच्या. नोकरी लागली त्या वर्षीची काळी सायकल. मागच्या चाकाजवळ बसवलेला बाटलीएवढा डायनामो. खटका दाबला की त्याची चकती टायरवर टेकायची, चाक फिरलं की घुर्रर्र करून पुढं आणि मागं एकेक पिवळा बल्ब लागायचा. मुलगा पुण्याहून चार्जिंगचा दिवा पाठवायचा, तो पेटीतून बाहेरही यायचा नाही. "तिकडं कोळसा जळायचा," काका म्हणायचे, "हितं भाकर जळती. माझी वीज हाय ही."

रोज दिवेलागणीला त्या सायकलीवरून ते निघायचे. गावाबाहेर शेतात त्यांची थोरली बहीण, आक्का, एकटी राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, गावात चल म्हटलं की शिव्या द्यायची. काका तिला भाकरीचा डबा पोचवायचे, ती जेवेपर्यंत बसायचे आणि परत यायचे.

आता गंमत अशी, की डबा काकू करायच्या आणि काकू आणि आक्का बोलत नव्हत्या. मुलाच्या लग्नात आक्काला मानाचं लुगडं द्यायचं घाईत राहून गेलं. आक्का न जेवता मांडवातून उठली. काकू पाया पडायला मागं धावल्या, तर आक्का सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझ्या हातचं अन्न मला वर्ज्य हाय." काकूही काही कमी नव्हत्या. "मग माझं तोंडबी वर्ज्य समजा," म्हणाल्या आणि फिरल्या. त्या लग्नातल्या नवरा-नवरीला आता शाळेत जाणारी पोरं होती, तरी दोघींची तोंडं इकडं आणि तिकडं.

पण रोज भाकरी थापताना काकू तीन जाडसर भाकरी वेगळ्या काढायच्या, कारण आक्काला जाड भाकरी लागते. भाजीत शेंगदाण्याचा कूट बारीक, कारण तिला दात नाहीत. तिकडं आक्का डबा उघडून विचारायची, "कुनी केलं?" काका म्हणायचे, "म्या." "तुला पापड भाजता येत न्हाई," असं म्हणून आक्का भाकरी मोडायची. सगळ्यांना सगळं ठाऊक. बोलायचं तेवढं कुणी नाही.

उसाचा हंगाम सुरू झाला आणि रस्ता ट्रॅक्टरांनी भरला. एकामागं दोन-दोन ट्रॉल्या, उसाची मोळी बाहेर लोंबलेली, वर कर्णा लावून गाणी. एका संध्याकाळी काका परत येत होते. मागून ट्रॅक्टर आला म्हणून भल्या माणसासारखे कडेला उतरून उभे राहिले. चाक थांबलं, डायनामो थांबला, दिवे गेले. काळी सायकल, काळोख, अंगावर विटकी खाकी पँट. ड्रायव्हरला दिसणार काय? ट्रॉलीतल्या उसाचा तडाखा बसला आणि काका सायकलीसकट रस्त्याकडेच्या चारीत. मनगट मोडलं, गुडघा फुटला. दवाखान्यात आणलं तेव्हा मी ड्युटीवर होते. काकू आल्या. नुसता त्यांचा चेहरा चाचपत राहिल्या, सरळ तळहातानं.

घरी आल्यावर मात्र स्फोट झाला. "सायकल भंगारात घाला. न्हाईतर मी भंगारात जाते." काका मूठ वर करायला लागले, तर त्या हातावर प्लास्टर. काकू रडत होत्या आणि ओरडत होत्या. "थांबलं की इझतो आसला कसला दिवा? थांबल्यावरच तर मागचा येऊन धडकतो!"

प्लास्टर होतं तोवर काका दुपारी चालत डबा पोचवत राहिले, पण गुडघा सुजून भोपळा झाला. मुलगा फोनवर म्हणाला, आत्याला तुमच्याकडं आणा. आक्का म्हणाली, मेले तरी तिच्या उंबऱ्यात येणार नाही. सायकल थांबली तर ती म्हातारी तिकडं चहात शिळी भाकरी बुडवून दिवस काढणार, हे काकांना कळत होतं. काकूंनाही कळत होतं, म्हणून तर त्या जास्त चिडलेल्या. शेवटी काका म्हणाले, "थांबलं तरी इझणार न्हाई आसा दिवा केला, तर?" काकू म्हणाल्या, "आधी करून दाखवा."

प्लास्टर निघालं आणि काकांनी अंगणात दुकान मांडलं. परळीहून एलईडी आणले. एलईडीला बल्बपेक्षा वीज कितीतरी कमी लागते, म्हणजे उरलेली साठवता येते. त्यासाठी कपॅसिटर आणला, त्याला काका 'टाकी' म्हणायचे. चाक फिरताना टाकी भरायची, चाक थांबलं की टाकीतलं दिव्याला. मध्ये चार डायोड, ते करंटला एकाच दिशेनं जाऊ देतात. कागदावर सगळं फक्कड होतं. मला बोलावून सायकल स्टँडवर घेतली, एका हातानं पायडल फिरवलं. दिवे भकभकले, फट् झालं आणि धूर निघाला.

दुकानदाराला शिव्या घालून नवे डायोड आणले. पुन्हा फट्. आणखी आणले, पुन्हा तेच. काकू ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "हे थर्मलमधी न्हाई ना केलं तुमी कधी?" त्या दिवशी काका नीट जेवलेही नाहीत. ह्या माणसाचं आयुष्यभराचं काम, आणि बोटभर दिवा त्याला जुमानत नव्हता.

चूक काय होती ते त्यांनाच सापडलं, आणि तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. डायनामोची एक तार मुळातच सायकलीच्या सांगाड्याला जोडलेली असते. सांगाडा हीच दुसरी तार. आणि काकांनी हाताच्या सवयीनं नव्या दिव्याचीही एक तार सांगाड्याला जोडली होती. अर्थिंग! ज्याला त्याला अर्थिंग. त्यामुळं करंट डायोडांना वळसा घालून जवळच्या वाटेनं धावायचा आणि डायोड जळायचे. "म्हंजे," मी म्हटलं, "अर्थिंग दिलं म्हणून जळतंय?" काकांनी मान हलवली. पक्कड हातात घेतली. मग ओल्या खड्ड्याकडं बघून कपाळाला हात लावला आणि ती तार कापली. "जन्मात पयल्यांदा काढलं बगा म्याडम," म्हणाले. आवाज आणखीच बारीक झाला होता.

आता दिवे लागले, मागं लाल आणि पुढं असा पांढराशुभ्र, की डोळे दिपले. पायडल थांबवलं, चाक थांबलं, दिवे चालूच. काकू तांदळाचं सूप ठेवून उठल्या. मागच्या लाल दिव्यापुढं उभ्या राहिल्या, जरा वेळ बघितलं, पुन्हा बघितलं. दिवा विझेना. तेव्हा म्हणाल्या, "जावा आता." मला वाटलं, सुटलो बाबा एकदाचे.

कुठलं सुटतोय! काका त्या संध्याकाळी परत आले ते डबा तसाच घेऊन. भाकरी मोडलेलीसुद्धा नव्हती.

झालं होतं असं. आक्का रोज ओट्यावर बसून काकांचा दिवा बघायची. पुलाच्या चढाला दिवा मिणमिणा व्हायचा, उताराला झगझगायचा, बाभळीच्या वळणावर पुन्हा मंद. तो पिवळा दिवा वरखाली होत आला की समजायचं, भाऊ आला. तसा दुसरा दिवा त्या रस्त्यावर नव्हताच. आणि मागच्या वर्षी तिच्या विहिरीवरची मोटर चोरांनी नेली, ते मोटरसायकलवर आले होते, पांढरा झगझगीत दिवा लावून. आता पुन्हा तसाच दिवा थेट आपल्या वाटेनं येतोय म्हटल्यावर म्हातारीनं कुत्रं सोडलं, दाराला आतून कडी घातली आणि कोयता घेऊन दारामागं उभी राहिली. काकांचा बारीक आवाज कुत्र्याच्या भुंकण्यात कुठं ऐकू येणार? कुत्र्यानं ओळखून पायाशी लोळण घेतली तेव्हा कुठं हाक आत पोचली. आक्कानं दार उघडलं. पण घास तोंडात जाईना. दुसऱ्या दिवशी आधीच सांगून ठेवलेलं, तरी तेच. "कळतंय रे मला तूच हाईस," ती म्हणाली, "पर उजेड बघितला की छातीत धस्स होतंय. मी काय करू?"

काकांनी हे सगळं दुसऱ्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. मला रागच आला. एवढी धडपड केली, आणि आता काय? जुने दिवे लावले तर काकू जाऊ देणार नाहीत. नवे ठेवले तर तिकडं ती म्हातारी भीतीनं उपाशी. मी म्हणून गेले, "काका, एक कुणीतरी ऐकायलाच पाहिजे आता."

काकू आतून बाहेर आल्या. मोडलेली नव्हती ती भाकरी त्यांनी डब्यातून काढली, पदराखाली धरली. मग काकांकडं न बघता म्हणाल्या, "पुढं जुना लावा. तिला वळखू येतंय तो. मागचा तेवढा नवा राहू द्या."

"आन थांबलो की पुढचा इझल," काका म्हणाले.

"इझू द्या. तुमच्या मागं डोळे न्हाईत, पुढं हाईत की."

मी ह्या बाईकडं बघतच राहिले. वर्षानुवर्षं जिचं नाव घेतलं नाही, तिला कुठला दिवा ओळखू येतो ह्याचा हिशेब हिच्या मनात तयार होता. मी सरळ वर निघून गेले.

असा तो तोडगा. पुढं पिवळा बल्ब, मागं लाल एलईडी. पुढच्या दिव्याला अर्थिंग परत मिळालं म्हणून काकाही खूश. हंगाम संपला, उन्हाळा गेला. पावसाळा सरता सरता गावात चिकनगुनिया आला आणि काकांना गाठलं. रक्त मीच तपासलं. सांधे असे धरले, की कुशीवर वळताना माणूस कण्हायचा. पहिल्याच दिवशी दिवेलागणीला ते उठून बसायला लागले. पाय जमिनीला टेकला आणि डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी खांदा धरून परत झोपवलं. मग चुलीपाशी गेल्या, डबा भरला, माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "पोरी, गाडी काढ."

"तुम्ही येणार?" मी विचारलं.

"भाकर जाणार हाय," काकू म्हणाल्या. "मी नुसती धरून बसते."

बाभळीच्या वळणावर आलो आणि माझ्या स्कूटीचा पांढरा झोत आक्काच्या ओट्यावर पडला. ओट्यावर कुणीतरी उठलेलं दिसलं, दार धाडकन लागलं आणि कुत्रं आमच्यावर धावून आलं. मी जागच्या जागी थांबले. काकू उतरल्या. डबा छातीशी धरून कुत्र्यासमोर उभ्या, ओठ हलतायत, आवाज निघत नाही. "काकू, बोला की हो!" मी ओरडले.

"वन्सं!" काकूंचा आवाज सगळ्या शिवारात गेला. "वन्सं, चोर न्हाई. मी हाय."

मग आतून, "मी कोण?"

"तुमची भावजय."

कडी इतक्या जोरात पडली, की मी दचकले. आक्का दारात आली. डोक्यावर पदर नाही, हातातला कोयता तसाच. पायरीवरून जवळजवळ पडत खाली उतरली. "काय झालं त्याला? खरं सांग. गेला का? तू आलीस म्हंजे गेलाच तो!"

तेव्हा आम्हाला कळलं, की आम्ही काय करून बसलोय. "न्हाई वो न्हाई!" काकूंनी डबा माझ्या हातात कोंबला आणि तिचे दोन्ही खांदे धरले. "जित्ता हाय. ताप हाय नुसता. सांधे धरलेत. भाकर घेऊन आले मी. तुमच्या गळ्याची आन, जित्ता हाय."

आक्का पायरीवर मटकन बसली. कोयता सुटला. मग जी शिव्या द्यायला लागली, काय सांगू! "आसं येत्यात का गं भवाने? माझा जीव गेलता की! इतक्या वर्षांनी आलीस आन आसं तोंड घेऊन आलीस!" शिव्या देता देता तिनं काकूंच्या पोटात डोकं खुपसलं आणि मोठ्यानं रडली. काकूही रडायला लागल्या. मी एका हातात डबा, एका हातात स्कूटी धरून उभी, माझं नाक कोण पुसणार? कुत्रं गपचूप बाजूला जाऊन बसलं.

जेवायला आक्कानं एकच ताट घेतलं आणि काकूंना हाताला धरून शेजारी बसवलं. एक घास खाल्ला. "कूट बारीक करतीस," म्हणाली. "बरं हुतंय मला." काकू म्हणाल्या, "माहिती हाय."

घरी आलो तर काका उशीला टेकून दाराकडं डोळे लावून बसलेले. हात उचलून त्यांनी बोटं फिरवली. काय झालं, चालू झालं का? काकूंनी डबा खाली ठेवला. "जेवल्या," म्हणाल्या. "मीबी जेवले. एका ताटात." काकांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते आणि धरलेल्या सांध्यांमुळं ते दुखतही असणार. काकू पायांशी बसून तेल चोळत राहिल्या.

माझी बदली झाली ती त्यानंतर थोड्याच दिवसांनी. निघायच्या आदल्या संध्याकाळी काका अंगणात सायकलीपाशी बसले होते, बोटं अजून वाकडी वळत होती. पेटीतला पुढचा पांढरा एलईडी काढून त्यांनी कापडानं पुसला, मग काकूंसमोर धरून विचारलं, "बसवू का हेबी? आक्का भिल का?"

काकू डबा बांधत होत्या. पायात चपला घातल्या, पदर खोचला आणि सायकलीच्या मागच्या कॅरेजवर बसायला फडकं अंथरलं.

"बसवा की," म्हणाल्या. "वळणापासूनच हाका मारते मी."